पंचिंग मशीन ठीक आहे, पण भोकं दोनच का?

सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यापासून घरात कागदच कागद झालेत, म्हणून मागच्या महिन्यात अप्पा बळवंत चौकातनं दोन भोकांचं पंचिंग मशीन आणलं, १९० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण थोडी तक्रार पण करायचीये.

खोक्यावर २० पानं लिहिलंय. खरं सांगायचं तर १२ च्या वर गेलात की उभं राहून अंगाचा सगळा भार टाकावा लागतो, आणि १५ ला खालच्या पानांवर भोक पडतच नाही, नुसता गोल वळ उठतो. पण १० पर्यंत काय मस्त चालतं, एका खट्टमध्ये काम तमाम. भोकं ६ मिलिमीटरची, मधोमध ते मधोमध बरोब्बर ८०, पट्टी लावून मोजलं. हेच आयएसओचं माप, त्यामुळे कुठल्याही फायलीत बसतं. असलं मशीन जर्मनीतल्या झोनेकेन नावाच्या माणसाने १८८६ साली पेटंट केलं होतं म्हणे, आणि दिसायला आजही फार फरक नाहीये.

तर हे मशीन टेबलावर बघून बाबा म्हणाले, "पंच म्हणजे पाच ना रे? मग भोकं दोनच कशी?"

हसलो खरा, पण रात्री शोधत बसलो. या मशीनचा पंच फ्रेंचमधून आलाय, मागे लॅटिन, आणि मूळ अर्थ टोचणे. एसटीचा कंडक्टर दांडीवर टकटक वाजवायचा तो तिकिटाचा पंच याच घरातला. बॉक्सिंगचा पंचही तिथलाच, आधी टोचणं, मग ढोसणं, मग सरळ ठोसा. आणि पंक्चर, पॉइंट, पंक्चुअल हे सगळे याचेच भाऊबंद! म्हणजे टायर पंक्चर झाला म्हणून पंक्चुअल राहता आलं नाही, हे एका घरातलंच भांडण निघालं.

पण बाबा अगदीच चुकले नव्हते. पार्टीत मोठ्या वाडग्यातनं देतात तो पंच वेगळाच, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांबरोबर इकडून तिकडे गेलेला, १६३२ च्या एका पत्रात सापडतो. अरक, साखर, लिंबू, पाणी, मसाला, मोजा, झाले ना पाच. काही जण म्हणतात की नाही, तो दारूच्या पिंपाच्या नावावरून आलाय, पण मी आपला बाबांच्या पार्टीत.

वर तिसरा एक पंच आहे, इटलीतला नाकाड्या बाहुला पुलचिनेल्ला, इंग्रजांनी नाव तोडून पंच केलं. १६६२ साली लंडनमध्ये त्याचा खेळ झाल्याची नोंद आहे, १८४१ मध्ये त्याच्या नावाने विनोदी साप्ताहिक निघालं आणि त्याच धर्तीवर आपल्याकडे ठाण्याहून हिंदू पंच. आता तेव्हाच्या वाचकाला नाव वाचून तो बाहुला आठवायचा की पारावर बसलेले पाच गृहस्थ, देव जाणे.

असो, मशीनवर येतो. खालचं प्लास्टिकचं झाकण फारच ढिलं आहे. परवा कमिटीची माणसं यायच्या पाच मिनिटं आधी उचललं आणि महिनाभराच्या सगळ्या पांढऱ्या टिकल्या सोफ्यावर. बाबा पेपरातनं मान वर न काढता म्हणाले, "करा आता पंचनामा."

साडेतीन स्टार. पाचात.