अन्नपूर्णा परिक्रमेपूर्वी ट्रेकिंगचे बूट बदलावेत का? वापरानंतरचा अनुभव

घोट्यापर्यंत येणारे, वरून कातड्याचे, आत जलरोधक पडदा आणि सोल व पाऊल यांच्यामधला धक्के शोषणारा मधला थर पॉलियुरेथेनचा असलेले हे बूट गेल्या पावसाळ्याआधीपासून माझ्या वापरात असून राजगड-तोरणा, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि चिखलाने माखलेल्या अनेक वाटा त्यांनी निभावल्या आहेत. येत्या ऑक्टोबरमध्ये नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमेला जायचे असल्याने हेच न्यावेत की नवे घ्यावेत, हे आता ठरवणे भाग आहे.

वरवर पाहता बदलण्याजोगे काही दिसत नाही. कातडे शाबूत आहे, शिवण उसवलेली नाही, सोलची नक्षी टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजली असली तरी पुढच्या भागात पुरेशी खोल आहे. कोरड्या कातळावर पकड उत्तम मिळते. शेवाळलेल्या कातळावर मिळत नाही, पण ती कोणत्याच बुटाला मिळत नसल्याने त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. जलरोधक पडद्याचा सह्याद्रीत मला फारसा उपयोग झाला नाही, कारण ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरते आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. परिक्रमेच्या वाटेवरच्या उंच खिंडीतल्या बर्फात मात्र त्याची गरज भासेल.

खरा प्रश्न मधल्या थराचा आहे. पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू ठिसूळ होत जाते, आणि म्हणूनच कपाटात, विशेषतः प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या न वापरलेल्या बुटांचाही सोल एखाद्या दिवशी अचानक सुटून येतो. काही बुटांत पॉलियुरेथेनऐवजी असणारा ई.व्ही.ए. या हलक्या फोमचा थर असा भुगा होत नाही, पण दबून चपटा होतो. मी आतले तळवे काढून पाहिले, तेव्हा टाचेखालचा भाग अंगठ्याने दाबल्यावर जवळजवळ दबतच नव्हता. बाहेरच्या बाजूला उमटलेल्या बारीक आडव्या सुरकुत्या बूट पायातून काढल्यावरही तशाच राहत होत्या. अलीकडे उतारावर गुडघे लवकर बोलू लागले होते, त्याचे कारण वयात शोधण्याआधी इथे शोधायला हवे.

थोराँग ला ही खिंड 5,416 मीटरवर आहे आणि तिथून मुक्तिनाथपर्यंत एकाच दिवसात सुमारे 1,600 मीटर उतरावे लागते. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची 1,646 मीटर आहे, यावरून त्या उताराचा अंदाज यावा. पाठीवर भरलेली सॅक घेऊन अशा घसाऱ्यावर मेलेला मधला थर नेणे मला पटत नाही. मोच्याकडून सोलला चौफेर शिवण मारून घेता येते, पण तिने कड धरून राहते, थराचा लवचीकपणा परत येत नाही. शिवाय सुईच्या भोकांतून पाणी झिरपते.

म्हणून बूट बदलायचे ठरवले आहे, मात्र जुलै संपण्याच्या आत. बूट पायाला बसण्यासाठी काही आठवडे सॅकसह चालावे लागते. निघायला जेमतेम आठवडा उरला असता, तर थर भुगा होत नसल्याची खात्री करून मी जुनेच नेले असते, कारण कोऱ्या बुटांनी टाचेला आणलेले फोड परिक्रमा तिसऱ्या दिवशीच थांबवू शकतात. खरेदीला संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच जाड मोजे घालून जावे आणि उतारावर अंगठा पुढे आपटणार नाही इतकी जागा ठेवावी. जुने बूट टाकून देणार नाही. सोल सुटलाच तरी चालत एसटीच्या थांब्यापर्यंत पोहोचता येईल, अशा एका दिवसाच्या किल्ल्यांसाठी ते ठेवले आहेत.