डळमळीत रिव्हायवल किती दिवस टिकतं? तिकीट आत्ता काढायचं की थांबायचं

न्यूयॉर्कला जायचा बेत ठरलाय, एखादी जुनी गाजलेली म्युझिकल नव्याने ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, आलीये (यालाच रिव्हायवल म्हणतात), आणि तेवढ्यात कानावर येतं की बुकिंग थंडावलंय. मग आपण पोचेपर्यंत ती चालू असेल का, तिकीट आत्ताच घ्यावं की स्वस्त होईल म्हणून थांबावं, हा प्रश्न येतोच. न्यू जर्सीतल्या मुलांकडे उन्हाळ्यात येणारे आईबाबा असोत नाहीतर इथून आठ दिवसांसाठी जाणारे, सगळ्यांनाच. माझं मत आधीच सांगून टाकते, नाटक किती चांगलंय यावरून ते किती टिकेल हे कळत नाही. आठवड्याचा खर्च किती, थिएटर केवढं आणि मुख्य भूमिका करणारी व्यक्ती कधी निघून चाललीये, हे तीन प्रश्न विचारा, अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो.

आपल्याकडच्या सवयीने विचार केला तर इथे फसायला होतं. मराठी नाटकाचं बुकिंग पडलं तर निर्माता प्रयोग कमी करतो, शनिवार-रविवारी दोन लावले, मग पंधरा दिवस काही नाही, पावसाळ्यात विश्रांती, दिवाळीनंतर परत जाहिरात. थिएटर त्या प्रयोगापुरतं, सेट टेम्पोत, आणि नाटक जिवंत राहतं. १८८२ मधे आलेलं संगीत सौभद्र आजही अधूनमधून लागतं, कारण पदं तर आहेतच पण ते रोज चालवायची सक्ती कुणावर नाही हेही आहे. ब्रॉडवेवर अशी विश्रांती घेता येत नाही. एका थिएटरात एकच नाटक, आठवड्याला आठ प्रयोग, सेट तिथेच पक्का बसवलेला, आणि प्रेक्षक ३०० आले काय किंवा १५०० आले काय, नट, वादक, बॅकस्टेजची माणसं, भाडं, जाहिरात सगळ्यांचे पैसे द्यायचेच. मोठ्या म्युझिकलचा आठवड्याचा खर्च आता सात-आठ लाख डॉलर, कधी त्याच्याही वर जातो.

साधं गणित करून बघू. समजा खर्च आठवड्याला ९ लाख आणि हातात येतात साडेसात, म्हणजे दर आठवड्याला दीड लाखाचा खड्डा. राखीव म्हणून १५ लाख ठेवले असतील तर दहा आठवडे, त्यानंतर निर्माता गुंतवणूकदारांकडे पुन्हा हात पसरणार नाहीतर बंदची घोषणा करणार. बरेचदा तेवढेही आठवडे मिळत नाहीत कारण थिएटरच्या करारात एक कलम असतं, गल्ला सलग दोन आठवडे ठरलेल्या आकड्याखाली गेला तर थिएटरमालक नोटीस देऊ शकतो. ब्रॉडवेची थिएटरं आहेत ४१, त्यातली बहुतेक तीन कंपन्यांच्या हातात, आणि टोनीसाठी, म्हणजे ब्रॉडवेच्या वार्षिक पुरस्कारांसाठी, पात्र ठरायची मुदत एप्रिलच्या शेवटी संपते म्हणून वसंत ऋतूत थिएटर हवं असलेल्यांची रांगच लागलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत कसंबसं उभं असलेलं नाटक म्हणूनच सगळ्यात धोक्यात असतं, बाहेर थंडी, पर्यटक नाहीत, आणि दाराशी पुढचा भाडेकरू उभा.

आता प्रत्यक्ष उदाहरणं शेजारीशेजारी ठेवून बघू, त्याशिवाय हे नीट समजत नाही.

शिकागो आणि कॅबरे. दोन्ही कँडर आणि एब या एकाच संगीतकार-गीतकार जोडीच्या म्युझिकल. शिकागोचं आत्ताचं रिव्हायवल नोव्हेंबर १९९६ मधे आलं आणि अजून चालू आहे, दहा हजारांच्या वर प्रयोग झालेत. ते मुळात न्यूयॉर्कच्याच सिटी सेंटर या नाट्यगृहाच्या एन्कोर्स मालिकेतला थोड्या दिवसांचा मैफिलीसारखा प्रयोग होता आणि ब्रॉडवेवर नेतानाही त्यांनी तो सुटसुटीतपणा सोडला नाही, वादक स्टेजवरच बसलेले, काळे कपडे, हलणारा अवजड सेट नाही. २००३ पासून ते अँबॅसेडर थिएटरमधे आहे, म्युझिकलच्या मानाने ते छोटं, साधारण हजारभर खुर्च्या. खर्च इतका आटोक्यात की गल्ला मध्यम असला तरी भागतं, आणि मंदी आली की थोड्या आठवड्यांसाठी कुणीतरी ओळखीचा चेहरा आणतात. मेलनी ग्रिफिथ येऊन गेली, ब्रुक शील्ड्स, अशर, २०२२ मधे पामेला अँडरसन. अशा पाहुण्यांना समीक्षक नाकं मुरडतात पण मला त्यात काही गैर वाटत नाही, त्या आठवड्यांच्या गल्ल्यावर बाकीच्या नाचणाऱ्यांची आणि वादकांची नोकरी टिकते.

कॅबरे बरोबर उलट्या दिशेने गेलं. ऑगस्ट विल्सन थिएटर आतून बदलून टाकलं, मधोमध स्टेज, सभोवती टेबलं, नाटकाआधी वेगळे नाचगाण्याचे कलाकार, अडीच कोटी डॉलरच्या आसपास पैसा ओतला. एप्रिल २०२४ मधे एडी रेडमेनला घेऊन उघडलं आणि सुरुवातीला जोरात चाललं. तो गेल्यावर सप्टेंबरमधे अॅडम लँबर्ट, मग ऑरव्हिल पेक, मग बिली पोर्टर. शिकागोचाच उपाय, पण इथे प्रत्येक नवा चेहरा आल्यावर भागवायचा खर्च कितीतरी मोठा होता. शेवटी १९ ऑक्टोबर २०२५ पर्यंत चालवायचं ठरलेलं नाटक बिली पोर्टर आजारी पडल्यावर २१ सप्टेंबरलाच थांबलं, घातलेले पैसे परत न मिळवता. हेच रिव्हायवल लंडनमधे डिसेंबर २०२१ पासून सुरू होतं आणि न्यूयॉर्कचं बंद झालं तेव्हाही तिकडे चालू होतं! दिग्दर्शन तेच, मांडणी तीच, गाणी तर तीच, पण लंडनमधे म्युझिकल उभी करायचा आणि चालवायचा खर्च न्यूयॉर्कपेक्षा खूप कमी आहे आणि मोठा फरक तिथेच पडतो.

म्हणून तुमच्या मनातलं रिव्हायवल या दोघांपैकी कुणासारखं आहे ते आधी ठरवा. सेट साधा, थिएटर छोटं, माणसं बदलली तरी नाटक तेच राहतं असं असेल तर निवांत थांबा. थिएटरच फोडून नव्याने बांधलंय असं असेल तर बुकिंग पडल्याची पहिली बातमी आली की हालचाल करा.

दुसरी जोडी जिप्सी आणि फनी गर्ल. दोन्हीचं संगीत ज्यूल स्टाइनचं, आणि दोन्ही एकाच स्त्रीभूमिकेच्या खांद्यावर उभ्या, ती बाई कमी पडली तर सगळं पडलं. फनी गर्ल १९६४ मधे बार्बरा स्ट्रायसँडने गाजवलं आणि त्यानंतर थेट एप्रिल २०२२ पर्यंत ब्रॉडवेवर कुणी परत आणलं नव्हतं. बीनी फेल्डस्टीनला घेतलं, परीक्षणं बरी आली नाहीत, टोनीचं एकच नामांकन मिळालं तेही सहाय्यक भूमिकेतल्या जेरेड ग्राइम्सला, आठवड्याचा गल्ला दहा लाख डॉलरच्या खाली उतरला. बीनी ३१ जुलैला ठरल्यापेक्षा लवकर गेली. सगळ्यांना वाटलं संपलं. पण ६ सप्टेंबरला लिया मिशेल आली आणि चित्रच पालटलं, नाताळच्या आठवड्यात गल्ला वीस लाख डॉलरच्या पुढे, आणि सप्टेंबर २०२३ मधे नाटक थांबलं तेव्हा पैसे वसूल झालेले होते. धडपडणारं रिव्हायवल वाचू शकतं याचं अलीकडचं सगळ्यात ठळक उदाहरण हेच, पण यावर विसंबून राहू नका, कारण त्या भूमिकेत हिलाच बघायचंय असं लोक वर्षानुवर्षं म्हणत होते अशी नटी त्यांच्याकडे होती. अशी माणसं फार नसतात.

जिप्सीबद्दल लिहिताना मला अजून वाईट वाटतं. ऑड्रा मॅकडॉनल्डसारखी गायिका-अभिनेत्री, जॉर्ज वुल्फसारखा दिग्दर्शक, फँटम ऑफ द ऑपेरा ३५ वर्षं चाललं ते मॅजेस्टिक थिएटर, डिसेंबर २०२४ मधे उघडलं. परीक्षणं चांगली होती. पण सोळाशे खुर्च्या आठवड्यातून आठ वेळा भरायच्या म्हणजे काय आहे विचार करा, आणि जवळपास दोन कोटी डॉलरचं भांडवल. टोनीची पाच नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही, सर्वोत्कृष्ट रिव्हायवल सनसेट बुलेवार्डला आणि अभिनेत्रीचा पुरस्कारही त्याच नाटकातल्या निकोल शेर्झिंगरला. तिकिटं ५ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची विकत होते, आणि जुलैत कळवलं की १७ ऑगस्टला शेवट. जूनच्या सुरुवातीला टोनी होतात, त्या रात्री हात रिकामे राहिले की पुढचे आठ-दहा आठवडे हाच खरा शेवटचा काळ समजायचा, उन्हाळ्यातले पर्यटक आहेत तोवर ओढायचं आणि सप्टेंबरची मंदी यायच्या आत थांबायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरचं तिकीट हातात घेऊन बसलेल्यांना पैसे परत मिळाले, ऑड्राने केलेली रोझची मुख्य भूमिका मात्र नाही बघता आली.

एक तिसरी जोडी थोडक्यात, रॅगटाइम आणि रॅगटाइम. २००९ चं रिव्हायवल व्यावसायिक, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमधून कौतुक घेऊन आलेलं, प्रचंड मोठी नटमंडळी, नोव्हेंबरमधे उघडलं आणि जानेवारीत ६५ प्रयोगांवर बंद. २०२५ चं लिंकन सेंटरचं, म्हणजे नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेचं, ज्यांच्याकडे वर्गणीदार असतात, देणगीदार असतात. ते ठरलेल्या मुदतीसाठी उघडलं आणि प्रतिसाद बघून मुदत वाढवत नेली. तेव्हा निर्मिती कुणाची आहे हे तिकीट काढण्याआधी बघा. संस्थेचं असेल तर जाहीर केलेल्या तारखेच्या आधी बंद व्हायची भीती खूप कमी, उलट चांगल्या जागा संपायची भीती जास्त.

आता आकडे कुठे बघायचे. ब्रॉडवे लीग ही निर्माते आणि थिएटरमालकांची संघटना दर आठवड्याला प्रत्येक नाटकाचा गल्ला, किती टक्के खुर्च्या भरल्या आणि सरासरी तिकीट किती हे जाहीर करते, बहुतेक नाटकं यात असतात. लोक फक्त टक्के बघतात आणि ९५ टक्के हाऊस म्हणजे मजेत चाललंय असं समजतात, तसं नसतं. सवलतीत तिकिटं वाटून थिएटर भरता येतं, म्हणून टक्क्यांच्या शेजारचं सरासरी तिकीट बघा. खुर्च्या भरलेल्या पण सरासरी आठवड्यामागे आठवडा घसरतीये, तर ते नाटक कसंबसं तग धरून आहे. आणि एक आठवडा बघून घाबरू नका, थँक्सगिव्हिंग आणि नाताळात सगळेच वर जातात आणि जानेवारीत सगळेच खाली येतात, इतरांपेक्षा हे जास्त पडलंय का ते बघायचं.

मग घ्यायचं की थांबायचं? तुमची फ्लाइट दोन-तीन महिन्यांनंतरची असेल आणि नाटक मोठ्या थिएटरातलं, मोठ्या सेटचं, एका स्टारवर चालणारं असेल, तर त्या स्टारची शेवटची तारीख हीच नाटकाची शेवटची तारीख धरा आणि शक्य असेल तर सहलीच्या तारखा तिच्या आत आणा. तिच्या जागी कोण येणार हे जाहीरच झालं नसेल तर नाटक तेव्हाच बंद होणार याची जवळजवळ खात्रीच धरा. तिकीट अधिकृत विक्रेत्याकडून काढलंत तर नाटक लवकर बंद झाल्यावर त्याचे पैसे परत येतात, विमानाचे आणि हॉटेलचे येत नाहीत, म्हणून एका नाटकासाठी अख्खी सहल ठरवत असाल तर डळमळीत रिव्हायवलसाठी नको, ठरलेल्या मुदतीच्या किंवा लिंकन सेंटरसारख्या संस्थेच्या नाटकासाठी ठरवा. ठरलेल्या मुदतीचं नाटक गाजलं की शेवटी शेवटी स्वस्त होत नाही, महागतं. मेरिली वी रोल अलाँग १९८१ मधे १६ प्रयोगांत बंद पडलेलं, तेच २०२३-२४ मधे डॅनियल रॅडक्लिफ आणि जोनाथन ग्रॉफला घेऊन मोजक्या महिन्यांसाठी आलं तर तिकिटासाठी मारामार आणि पैसेही वसूल. तिथे थांबणाऱ्यांचं नुकसान झालं.

न्यूयॉर्कच्या जवळच राहत असाल तर गोष्ट वेगळी, टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसची खिडकी आहे, त्याच दिवसाची तिकिटं निम्म्या किमतीपर्यंत मिळतात, आणि धडपडणारं नाटक तिथे हमखास असतं. लॉटरी आणि सकाळी खिडकीवर मिळणारी स्वस्त रश तिकिटंही असतात. पण बंदची घोषणा होईपर्यंत थांबू नका, घोषणा झाली की राहिलेले सगळे एकदम धावतात आणि शेवटच्या दोन आठवड्यांत सवलती गायब होतात. जिप्सीसारखं काही पुन्हा आलं तर मी टोनीच्या आधी, मार्चच्या एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी जाईन, तेव्हा गर्दी कमी असते आणि पहिल्या फळीचे कलाकार अजून सोडून गेलेले नसतात.