पिकासो की पेटीरॅडट्रान्स: तपकिरी बटूंच्या वर्णपटासाठी कोणते निवडावे?

बाह्यग्रहाचा (सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा) किंवा तपकिरी बटूचा (ग्रह आणि तारा यांच्या दरम्यानच्या वस्तुमानाच्या खगोलाचा) वर्णपट संगणकावर उभा करायचा ठरवले, की पायथनमधून चालणाऱ्या मुक्त पॅकेजांपैकी पिकासो आणि पेटीरॅडट्रान्स ही दोन नावे बहुधा शेवटपर्यंत उरतात. दोन्हींचे मूळ शोधनिबंध 2019 सालचे आहेत आणि दोन्ही आजही वापरात आहेत.

एका बाबतीत पिकासोचे पारडे निःसंशय जड आहे. दाबानुसार तापमान कसे बदलते हे आधी ठाऊक नसेल, तर प्रारण आणि अभिसरण यांचा तोल साधून तो आलेख पिकासो स्वतः काढून देतो. पेटीरॅडट्रान्सला तो आपणच पुरवावा लागतो. ग्रहावरून परावर्तित होणारा ताऱ्याचा प्रकाश निरनिराळ्या कलांमध्ये अभ्यासायचा असेल, तरीही मी पिकासोच सुचवेन.

माझे काम मात्र टी या तुलनेने थंड वर्गातील तपकिरी बटूंचे आहे. त्यांच्या वर्णपटात 1 मायक्रॉन तरंगलांबीच्या अलीकडे सोडियम आणि पोटॅशियम यांच्या शोषणरेषांचे पंख, म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंचे पसरट भाग, इतके दूरवर पसरलेले असतात, की त्यांचा आकार कोणत्या पद्धतीने धरला यावर तिथला सगळा उतार ठरतो. पिकासो वर्णपटाच्या गणनेसाठी सहसा सर्व रेणूंची अपारदर्शकता (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती अडवला जातो ते आकडे) एकाच अवाढव्य डेटाबेस फाइलमधून घेतो, त्यामुळे एकट्या पोटॅशियमची पद्धत बदलून पाहायची म्हटले तरी त्या सबंध फाइलला हात घालावा लागतो. मला नेमके हेच खटकत राहिले. पेटीरॅडट्रान्समध्ये प्रत्येक घटकाची फाइल स्वतंत्र असते. पोटॅशियमसाठी पंखांचा आकार धरण्याच्या अलार्ड आणि बरोज या संशोधकांच्या नावाच्या दोन्ही पद्धतींच्या फाइली मिळतात, आणि यादीतले एक नाव बदलले की दुसरा वर्णपट तुलनेला हजर होतो. ज्यांना असा प्रश्नच पडत नाही, त्यांना ही अडचण कदाचित क्षुल्लक वाटेल.

निरीक्षणांवरून उलट वातावरणाचा अंदाज बांधायचा असेल, तर एचआर 8799 ई या ग्रहावरील 2020 सालचे काम पेटीरॅडट्रान्सनेच झाले आहे. काटेकोर मोजमाप केलेले नसले, तरी अशा हजारो वेळा कराव्या लागणाऱ्या गणनेत तो मला पुरेसा चपळ वाटतो. तिसऱ्या आवृत्तीत फंक्शनांची नावे बदलल्याने जुन्या स्क्रिप्ट मात्र डागडुजीशिवाय चालत नाहीत. शिवाय त्याला घटकांचे प्रमाण वस्तुमानानुसार लागते, तर पिकासोत ते रेणूसंख्येनुसार असते. हायड्रोजनप्रधान वातावरणाचा सरासरी रेणुभार सुमारे 2.3 आणि कार्बन मोनॉक्साइडचा 28, म्हणजे पिकासोतील आकडा तसाच उचलला तर हा वायू सुमारे बारापट कमी धरला जाईल.