व्हॅक्यूम पंपाचे आठ महिने : बेळगावच्या पावसाळ्यासह

आमच्या महाविद्यालयाच्या रॉकेट संघासाठी गेल्या डिसेंबरात आम्ही एसी दुरुस्त करणारे कारागीर वापरतात तसा दोन टप्प्यांचा रोटरी व्हेन पंप घेतला. तोवर काचतंतूच्या नळ्या आणि कार्बनच्या फिन (रॉकेटचे पंख) आम्ही कापडाच्या थरांना हातानेच रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, चोपडून करत होतो. एकाच मापाच्या दोन फिनचे वजन कधी जुळत नसे, आणि नाण्याने ठोकून पाहिले की मधेच कुठेतरी बद्द आवाज येई, म्हणजे आत थर सुटलेले असत.

आता रेझिन लावलेला भाग प्लॅस्टिकच्या बॅगेत बंद करून पंपाने आतली हवा काढतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब थर घट्ट दाबतो. पंपाने हे बऱ्याच अंशी सुधारले. मात्र गेजवर 760 मिलिमीटर (पाऱ्याचे, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा पूर्ण दाब) दिसण्याची वाट कोणी पाहू नये. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाबच 695 मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि कितीही महागडा पंप त्यापलीकडे जाऊ शकत नाही. आमचा 665 च्या आसपास स्थिरावतो. तीस सेंटिमीटर चौरस फिनवर त्यामुळे 800 किलोहून थोडा अधिक भार पडतो, तोही सगळीकडे सारखा, आणि जादा रेझिन बॅगेतील ब्रीदरच्या, म्हणजे हवेला वाट देणाऱ्या जाड, कापडात शोषले जाते. बॅग सील केल्यावर झडप बंद करून दहा मिनिटे काटा पाहावा. तो घसरला तर रेझिन कालवण्याआधीच सीलंट टेप पुन्हा दाबून घ्यावी.

खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. पावसाळी हवेतील ओल पंपात जाऊन तेल दुधासारखे पांढरे होऊ लागले. गॅस बॅलास्टची (थोडी बाहेरची हवा आत घेऊन बाष्प बाहेर घालवणारी) झडप उघडी ठेवून पंप थोडा वेळ मोकळा चालवला की हा त्रास कमी होतो, पण पूर्ण जात नाही. त्याच दमट हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरमधील अमाइन या रसायनाचा संयोग होऊन उघड्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो, आणि त्यावर पुढचा थर नीट चिकटत नाही. आम्ही आता प्रत्येक भागावर पील प्लाय, म्हणजे नंतर सोलून काढायचे कापड, घालतो. ते राहून गेले तर आधी कोमट पाण्याने धुऊन मगच पॉलिश पेपर फिरवतो, कारण न धुता घासल्यास तो थर आतच रगडला जातो.

जुलैत एका रात्री काम चालू असताना वीज गेली आणि पंपातील तेल नळीवाटे उलट चढून बॅगेपर्यंत पोहोचले. चार तासांची मेहनत आणि सव्वा मीटर कार्बन कापड वाया गेले, याचे मला आजही वाईट वाटते. आमच्या पंपात उलटा प्रवाह अडवणारी झडप नव्हती आणि विक्रेत्याने तसे सांगितलेही नव्हते. उद्यमबागेतील एका कारखान्यातल्या काकांनी पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि तेल अडवणारे छोटे भांडे बसवून दिले. तेव्हापासून तसे घडलेले नाही.

जीपीएसचा अँटेना असलेला भाग मात्र आम्ही काचतंतूचाच करतो, कारण कार्बन रेडिओ लहरी अडवतो. नळ्यांवर बॅगेच्या सुरकुत्या उमटतात, म्हणून तेथे आम्ही गरम केल्यावर आकसणारी श्रिंक टेपच वापरतो. सपाट भागांसाठी हा पंप मी निःशंकपणे घ्यायला सांगेन, फक्त पावसाळ्यात तेलाची जादा बाटली जवळ ठेवावी. आमची तीन आठवड्यांत संपते.