सात हजार चारशेचा व्हीजी-१० चाकू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्याच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट खात्यात मी २६ वर्षं काढली. पोलाद भट्टीत घालायचं, तेलात विझवायचं, टेम्पर करायचं, म्हणजे पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी करायचा, आणि रॉकवेल मशिनवर कडकपणा बघायचा, हेच काम. त्यामुळे मुलाने पुण्याहून स्वयंपाकाचा चाकू पाठवला आणि फोनवर "बाबा, पोलाद व्हीजी-१० आहे," असं सांगितलं, तेव्हा भाजीच्या आधी मी भिंग शोधलं.

पातं १८ सेंटीमीटरचं, हातात तोल उत्तम. अंगावर लाटांची नक्षी आहे, जिला विकणारे दमास्कस म्हणतात. सुंदर दिसते, पण ती बाहेरच्या मऊ थरांची. कापतो तो मधला एकच थर, म्हणजे व्हीजी-१०. हे पोलाद जपानमधल्या एचिझेनच्या ताकेफू स्पेशल स्टीलचं. कार्बन साधारण १ टक्का, क्रोमियम १५ टक्के, शिवाय थोडं कोबाल्ट. खोक्यावर कडकपणा ६० एचआरसी, म्हणजे रॉकवेल मापावर ६०, छापलाय. जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये तो तपासायला नेला, पण तपासणार कुठे? बाजूला दाबलं तर मऊ थराचा आकडा येतो, आणि मधलं पोलाद जिथे उघडं पडतं तिथे ते इतकं पातळ की आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. चाकूचाच तुकडा कापल्याशिवाय गिऱ्हाइकाला तो ६० चा आकडा पडताळताच येत नाही. छापील आकड्याचे पैसे मोजणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं.

पहिले तीन महिने चाकूने मन जिंकलं. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी कमी, कारण पातं कांदा चेचत नाही, कापतं. पिकलेल्या टोमॅटोची साल नुसत्या वजनाने फाटते. लिंबू कापून तसाच ठेवला तरी डाग नाही. घिसाड्याकडून घेतलेला आमचा गाडीच्या कमानपाट्याचा सुरा दर आठवड्याला दगडावर घासावा लागतो. हा सहा आठवडे चालला.

मग एके दिवशी लाल भोपळा आला. पातं सालीत अडकलं, बायकोने विळीच्या सवयीने भोपळा पिरगाळला आणि धारेचे दोन टवके उडाले. मोठा टवका खसखशीच्या दाण्याएवढा. चूक तिची नाही. कारखान्यातून धार फार पातळ कोनात लावून आली होती, आणि इतकं कडक पोलाद आडवा पीळ सोसत नाही. कमानपाट्याचा सुरा अशा वेळी वाकतो, त्याचा तुकडा पडत नाही. खोक्यात छान कागदाची पुस्तिका होती. तिच्यात पोलादाचं कौतुक दोन पानं, पण भोपळा, नारळ, हाडं यांवर चालवू नका ही ओळ कुठेच नाही. मी विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं नाही.

मोटारवरच्या धारवाल्याकडे तो नेला नाही. गल्लीतल्या एकांचा असाच चाकू ठिणग्या उडवत पाजळून आला होता आणि धारेवर पिवळसर-तांबूस झाक होती. तो रंग दिसला की टेम्पर गेला समजायचं. पुढे त्याची धार चार दिवस टिकेना. मी १००० नंबरच्या दगडावर, पाणी टाकत, दोन तास घासून टवके काढले आणि कोन थोडा जाड केला. त्यानंतर पाच महिन्यांत एकही टवका नाही.

मुलगा आता म्हणतो, "बाबा, व्हीजी-१० जुनं झालं, मॅग्नाकट बघा." लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाचं हे पोलाद २०२१ साली आलं. अभ्यासाने केलेलं काम आहे आणि मला त्याचा मनापासून आदर वाटतो. ते बनवताना वितळलेल्या पोलादावर वायूचा झोत मारून त्याची भुकटी करतात आणि ती उष्णतेत दाबून एकजीव करतात. पिठलं सावकाश ढवळलं की गाठी होतात, तशी साध्या ओतीव पोलादात कार्बाइडची, म्हणजे कार्बनच्या कडक कणांची, मोठी ढेकळं होतात. भुकटीत थेंब झटकन थिजतो, गाठींना वाढायला वेळच मिळत नाही. म्हणून ते चिवटही राहतं. पण हेच पोलाद भट्टीत बिघडवता येतं, आणि धार जाड लावली तर ते टोमॅटो चेचतंच. मी डी-२ या हत्यारी पोलादाच्या शेकडो डाय, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, हार्डन केल्या आहेत. एकाच गजाचे दोन तुकडे, एकाचं तापमान चुकलेलं, तर एक डाय वर्ष काढते आणि दुसरी पहिल्या शिफ्टला तडकते. आज तेच डी-२ चाकूंवर ठळक अक्षरांत कोरून महाग विकतात. भट्टीत काय केलं, धार किती अंशांची, याबद्दल चकार शब्द नाही. लोक नावाला पैसे देतात तोवर विकणारे नावच कोरणार, याचं मला फार वाईट वाटतं.

चाकू परत करायचा विचार नाही. कांदा, मेथी, टोमॅटो त्याच्यावर. नारळ आणि भोपळा विळीवर. दिवाळीत भाचीचं नवं घर लागतंय. तिच्यासाठी नऊशेचा साधा स्टेनलेस चाकू घेतलाय आणि उरलेल्या पैशांत १००० नंबरचा दगड. रविवारी येईल तेव्हा तासभर बसवून कोन कसा धरायचा ते दाखवणार आहे.