शाम खोऱ्यातला गावांचा ट्रेक: काही महिन्यांनंतरचा अनुभव

लडाखच्या शाम खोऱ्यातला लिकीर ते तेमिसगाम हा ट्रेक मी आणि बाबांनी गेल्या ऑगस्टच्या अखेरीस केला. परत आल्या आल्या लिहिलं असतं तर खिंडी, मठ आणि फोटो यांनीच पान भरलं असतं. मधल्या काळात बऱ्याच जणांनी फोन केले, "आम्हाला जमेल का?" म्हणून. त्यांना उत्तरं देतादेता माझं मत पक्कं होत गेलं. पहिल्यांदाच हिमालयात चालायला जाणाऱ्यासाठी याहून चांगली वाट मला माहीत नाही. मात्र आधी लेहमध्ये पुरेसं थांबायची आणि नंतर रोज दुपारी गावात निवांत बसायची तयारी हवी.

लेहहून श्रीनगरच्या रस्त्याने निघायचं, निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कारचा संगम बघायचा आणि लिकीरला उतरायचं. तिथून यांगथांग, हेमिस शुक्पाचन, आंग आणि शेवटी तेमिसगाम. रोजचं चालणं तीन ते पाच तासांचं. वाटेतली कुठलीच खिंड चार हजार मीटर ओलांडत नाही. हेमिस शुक्पाचनच्या पुढची 'मेबताक ला' ('ला' म्हणजे खिंड) तेवढी दम काढते, कारण तिचा शेवटचा चढ उभा आणि घसाऱ्याचा आहे. ट्रेकवाले याला 'बेबी ट्रेक' म्हणतात. त्यामागचं खरं कारण अंतर नाही, मुक्कामाची उंची आहे. रात्री जिथे झोपायचं ती गावं लेहच्याच उंचीच्या आसपास आहेत आणि शेवटचं तेमिसगाम तर लेहपेक्षा खाली. म्हणजे लेहमध्ये शरीर एकदा रुळलं की पुढे त्याला नवं काही शिकावं लागत नाही.

हे रुळणं मात्र कुणीही हलक्यात घेऊ नये. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. लेह शहर साडेतीन हजारांवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. मुंबई-पुण्याहून विमानाने आलेला माणूस सकाळी घरून निघतो आणि दुपारच्या आत तिथे असतो. शरीराला या बदलाची काहीच कल्पना नसते. बाबांनी तरुणपणी सह्याद्रीतले बहुतेक किल्ले पायाखाली घातलेत, पण लेहच्या पहिल्या दिवशी हॉटेलचा जिना चढताना तेही कठड्याला धरून उभे राहिले. डोकं जड, भूक नाही, झोप तुटक. दोन रात्री नुसता आराम, भरपूर पाणी आणि बाजारापर्यंत सावकाश चालणं यावर ते सगळं निवळलं. आम्ही आधी चौकशी केलेल्या एका कंपनीच्या कार्यक्रमात विमानाच्या दुसऱ्याच दिवशी चालायला सुरुवात होती. 'सोप्पा ट्रेक आहे, चालतंय' असं उत्तर मिळालं. आम्ही नको म्हणालो, आणि आजही मी प्रत्येकाला तेच सांगते. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

आमची गाईड याच खोऱ्यातली, विशीतली मुलगी. लडाखमध्ये मुली गाईड म्हणून काम करतात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. थिनलास चोरोल यांनी २००९ साली लडाखी महिलांची ट्रेकिंग कंपनी काढली, तेव्हा मात्र ते नवलच होतं. आमच्या गाईडचं चालणं बघण्यासारखं होतं. चढावर ती इतकी हळू चालायची की सुरुवातीला आम्हाला अवघडल्यासारखं व्हायचं. "अबा-ले (म्हणजे बाबा), आराम से," एवढंच ती बाबांना म्हणायची. छोटं पाऊल, तोंड मिटून श्वास, आणि धाप लागायच्या आधी थांबणं. बाबा आता पर्वतीसुद्धा तसेच चढतात. डिसेंबरात आम्ही राजगडला गेलो, तेव्हा पद्मावती माचीवर पोचेपर्यंत ते एकदाही दमून बसले नाहीत. हा फायदा मी धरलाच नव्हता.

गाईडची खरी गरज वाट दाखवायला नाही. वाट ठळक आहे, आणि आता ही सगळी गावं गाडीरस्त्याने जोडली गेली आहेत. ती लागते स्वयंपाकघरात. घरातल्या वडीलधाऱ्या बायका बहुधा लडाखीच बोलतात, हिंदी मोडकीतोडकी. यांगथांगच्या आमा-ले, म्हणजे घरच्या आई, आणि माझे बाबा, दोघेही शेतीतले. गाईड मधे बसली आणि तासभर नुसतं पाण्यावर बोलणं चाललं. वरच्या हिमनदीचं पाणी पाटांनी गावात येतं, कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते पाळीने ठरतं आणि त्यावर देखरेख करणारा माणूस गावच नेमतो. त्याला चुरपोन म्हणतात. वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात जव, वाटाणा, मोहरी पिकते ती या शिस्तीवर. बाबांना आमच्या गावचे पाटकरी आठवले. मग पाळी चुकवून पाणी पळवणाऱ्यांचे किस्से दोन्हीकडून निघाले आणि आमा-ले खोखो हसल्या.

लडाखी घरातलं स्वयंपाकघर हीच बैठकीची खोली. मधे नक्षीची लोखंडी चूल, भिंतभर फडताळांत ओळीने मांडलेली तांब्या-पितळेची भांडी, खाली गाद्या आणि पुढे चोक्त्से म्हणजे रंगवलेली बुटकी मेजं. जेवायला थुक्पा म्हणजे शेवयांचं सूप, स्क्यू म्हणजे कणकेच्या तुकड्यांचा भाज्या घातलेला रस्सा, सकाळी खंबीर रोटी आणि जर्दाळूचा जॅम. गुरगुर चहा खारट आणि लोण्याचा असतो. पहिला घोट घेताना चहा म्हणून प्यायलात तर घशाखाली उतरत नाही, सूप म्हणून प्यायलात की आवडतो. पेला अर्धा झाला की आमा-ले पुन्हा भरतात. आपल्याकडच्या आग्रहावर वाढलेल्या माणसाला तिथे मुळीच परकं वाटत नाही.

दुपारचे हे रिकामे तास हाच या ट्रेकचा गाभा, हे मला आता महिन्यांनंतर स्पष्ट दिसतं. एक-दोन वाजता गावात पोचायचं आणि रात्रीपर्यंत काहीच 'करायचं' नसायचं. हेमिस शुक्पाचनला जुनिपरच्या जुन्या झाडांची राई आहे. तिचा पाला पूजेत धुपासाठी जाळतात आणि गाव तिला हात लावू देत नाही. आपल्याकडच्या देवराईचीच रीत. तिथे बसलो. जवाच्या कापणीला सुरुवात झाली होती, म्हणून बाबांनी विळा मागून घेतला आणि संध्याकाळपर्यंत घरच्यांबरोबर कापत राहिले. तेमिसगामला छपराछपरांवर जर्दाळू वाळत होते. १६८४ साली लडाख आणि तिबेट यांच्यातला तह याच गावात झाला, सरहद्द आणि पश्मिना लोकरीचा व्यापार त्यात ठरला. आज तिथे टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. लिकीरचा मैत्रेय बुद्धाचा तेवीस मीटरचा सोनेरी पुतळा भव्य आहे, पण तो १९९९ सालचा. मला तेमिसगामच्या पडक्या भिंतींपाशी जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

आता उणिवा. देवदार, हिरवी कुरणं, समोर बर्फाची शिखरं अशा हिमालयाची आस असेल तर ही वाट निवडू नका, उत्तराखंडात जा. इथे दिवसभर उघडे तपकिरी डोंगर आहेत, वाटेत सावली जवळजवळ नाही आणि ऊन भाजून काढतं. काही ठिकाणी वाट चक्क गाडीरस्त्यावरून जाते. यांगथांगहून पुढे जाताना मागून धूळ उडवत जीप गेली तेव्हा मीही वैतागले. पण त्याच रस्त्याने आमच्या मोठ्या बॅगा पुढच्या गावी पोचत होत्या, आणि शाळा-दवाखान्यासाठी तो गावाला हवाच आहे. त्याबद्दल गावाकडे तक्रार करायचा हक्क पाहुण्याला नाही. शौचालयं कोरडी, खाली खत होणारी. पहिल्या वेळी बिचकायला होतं, पण वास येत नाही आणि थेंबभर पाणी वाया जात नाही. आंघोळीला मिळालंच तर एक बादली.

सामानात टोपी, सनस्क्रीन, गॉगल आणि काठी कामाला आली. जाड जॅकेट ऑगस्टात फक्त रात्री लागलं. बूट महागडे नकोत, पण निदान महिनाभर पायात घालून मऊ झालेले हवेत. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. रोख पैसे लेहमध्येच काढून घ्यावेत. सह्याद्री पावसात बुडालेला असताना लडाख कोरडा असतो, म्हणून जुलै-ऑगस्ट आपल्याला सोयीचे. तरी तिथल्या हवेला गृहीत धरू नका. ६ ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीने लेहमध्ये मोठा विध्वंस केला होता. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा.

बुकिंग करताना मी तीनच गोष्टी विचारायला सांगते. लेहमध्ये चालण्याआधी किती रात्री? गाईड लडाखी आहे का? मुक्काम गावातल्या घरात की तंबूत? घरात राहिलात तर पैसे त्या घरच्या बाईच्या हातात जातात, आणि काही गावांत पाहुणे पाळीपाळीने घरांना वाटून दिले जातात, म्हणून कमाई एकाच कुटुंबाकडे साचत नाही. कुणी तंबू सांगितला तर दुसरीकडे चौकशी करा. तंबूतही खिंडी त्याच लागतील, पण जवाची कापणी आणि आमा-लेंचं स्वयंपाकघर मिळणार नाही, आणि मी बाबांना घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे ती त्यांच्यासाठीच.