आयनॅचरलिस्ट अ‍ॅप : रानफुलाची ओळख ते कुंडीतले रोप

पावसाळा ओसरू लागला की कोल्हापूरहून पन्हाळा-जोतिबाकडे जाताना शेतांच्या बांधांवर आणि मुरमाड पडीक जागांत पिवळ्या रानफुलांची एवढी गर्दी होते की त्यांतले कोणते फूल कोणते, हे सांगणे जाणकारालाही सोपे जात नाही. अशाच एका बांधावरच्या अनोळखी फुलाची ओळख पटवून त्याचे बी परसबागेत रुजवण्यासाठी मी ‘आयनॅचरलिस्ट’ हे मोफत अ‍ॅप वापरले, आणि रानफुलांची आवड असणाऱ्या प्रत्येकाने ते वापरावे असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

२००८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेला हा उपक्रम २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालतो. छायाचित्र, ठिकाण आणि तारीख दिली की अ‍ॅप लगेच काही नावे सुचवते, परंतु तो चित्रातले साम्य आणि परिसरातल्या आधीच्या नोंदी यांवरून बांधलेला अंदाज असतो. खरे मोल पुढच्या टप्प्याला आहे. तिथे अभ्यासक आणि हौशी निरीक्षक आपापले मत नोंदवतात, आणि दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे प्रजातीवर एकमत झाले तरच नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी, ठरू शकते.

माझ्या फुलाचा आकार वाटाण्याच्या फुलासारखा होता, आणि ऊसपट्ट्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरण्याची पद्धत असल्याने बांधावर निसटलेला तागच असावा, असे पहिल्या नजरेत वाटत होते. एका निरीक्षकाने मात्र फुलाऐवजी पानाचे टोक आणि शेंग यांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागितली, आणि तिथेच उलगडा झाला. तागाचे पान अरुंद आणि शेंग मखमली लवेची असते. या झाडाचे पान टोकाकडे रुंद होत गेलेले, टोकाशी किंचित खाच असलेले, आणि शेंग गुळगुळीत, फुगीर होती. ती घागरी, म्हणजे क्रोटॅलारिया रेटुसा, तागाचीच सख्खी बहीण. म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की फुलासोबत पानाच्या दोन्ही बाजू, खोड, शेंग आणि संपूर्ण झाड अशी सगळी छायाचित्रे द्यावीत. केवळ फुलाच्या छायाचित्रावर चांगला अभ्यासकही खात्रीने बोलू शकत नाही.

नाव कळल्यावर पेरणीची रीतही कळते. शेंगा काळपट होऊन हलवल्यावर आत बी वाजू लागले की ते पक्व झाले असे समजावे, आणि बहुतेक शेंगा झाडावरच राहू द्याव्यात. या बियांचे कवच कठीण असल्याने त्या पॉलिश पेपरवर हलकेच घासून रात्रभर पाण्यात भिजवल्या तर उगवण चांगली होते. आपल्याकडच्या काळ्या मातीत मुरूम किंवा वाळू मिसळून पाण्याचा निचरा नीट होईल असे करावे, बी सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे आणि कुंडी भरपूर उन्हात ठेवावी. शेंगावर्गीय झाडे मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र मिळवत असल्याने भारी खताची गरज पडत नाही. फुलांवर भुंगे येतात, आणि वाळलेल्या भागांतील अल्कलॉइडे (वनस्पतीत तयार होणारी नत्रयुक्त रसायने) शोषण्यासाठी टायगर गटातील नर फुलपाखरेही जमतात. हीच अल्कलॉइडे जनावरांच्या यकृताला घातक असल्याने गोठ्याजवळ किंवा वैरणीच्या शेतात घागरी लावू नये, आणि लहान मुलांना तिच्या शेंगा खेळायला देऊ नयेत. ओळख पटण्याआधी बी पेरू नये असे मी म्हणतो, ते यासाठीच.

राधानगरी अभयारण्यातून मात्र एक बीसुद्धा उचलू नये. तिथे छायाचित्र आणि नोंद एवढेच करावे. संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण हे अ‍ॅप आपोआप धूसर करते आणि इतर नोंदींचे ठिकाणही आपल्याला झाकता येते, ही सोय मला फार महत्त्वाची वाटते, कारण दुर्मीळ फुलाचा पत्ता उघड झाला की तिथे पायांची वर्दळ वाढते.

घरी उगवलेल्या रोपाची नोंद करताना ते लागवडीचे असल्याची खूण न विसरता करावी. तशी खूण नसेल तर परसबागेतले झाड नैसर्गिक अधिवासातले म्हणून धरले जाते आणि त्या प्रजातीच्या प्रसाराचा नकाशा चुकतो.